गुणवंत थिएटरची सावड

सोपान गेल्याचा फोन आला तेव्हा मी भूगावच्या घरी गॅलरीत चहा पीत बसलो होतो. त्याची मुलगी मंदा बोलत होती. "नाना, आबा गेलं वो. सकाळच्याला गोठ्यातनं आलं, पानी मागितलं आन्..." मी नुसता 'हो, हो' म्हणत राहिलो. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा काय मनात आलं ते लिहितो, कारण या वयात लपवून काय करायचं? मनात आलं, सुटलो. सोपानसमोर मला एक गोष्ट कबूल करायची होती, ती आता करावी लागणार नाही... दिवसभर त्या 'सुटलो'ची मला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी सकाळी पौडची एसटी धरली, पौडला गाडी बदलली आणि सोपानच्या गावी, मालेला उतरलो. मुंबई सोडून इथे आल्यापासून माझ्या गॅलरीखालून मुळशीकडे जाणाऱ्या गाड्या मी अकरा वर्षं रोज बघतो आहे. तास-सव्वातासाचं अंतर. या अकरा वर्षांत सोपान दर साल नव्या तांदळाची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. मी त्याच्याकडे एकदाही गेलो नव्हतो.

सोपान कोंढरे हा मुंबईच्या गुणवंत थिएटरमधला स्टेजवाला. मी त्याच थिएटरचा मॅनेजर. नाटकाच्या जाहिरातीत नटांची, लेखक-दिग्दर्शकाची नावं येतात, शेवटी बारीक टायपात मॅनेजरचंही येतं. पडदा ओढणाऱ्याचं, सेट लावणाऱ्याचं येत नाही. वाचकांनी सोपानचं नाव ऐकलेलं नसणार. पण गुणवंतचं ऐकलं असेल, कदाचित तिथे एखादं नाटकही पाहिलं असेल. ते तुम्हाला पाहता आलं ते कुणामुळे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे. याआधी मी एकदा ते लिहिलं होतं आणि खोटं लिहिलं होतं.

गुणवंत आमच्या शेठच्या वडिलांनी बांधलं. आधी त्या जागी कापसाचं गोदाम होतं, आणि थिएटर झाल्यावरही कितीतरी वर्षं जुनी माणसं पत्ता सांगताना 'गोदामात नाटक आहे' असंच सांगत. सुरुवातीला संगीत नाटकं होत. बायकांना वरचा सज्जा वेगळा, त्याला मागून वेगळा जिना. पुढे बोलपट आले, नाटकं बसली, आणि वडील शेठनी रंगमंचामागची भिंत पांढरी रंगवून घेऊन काही वर्षं तिच्यावर सिनेमे दाखवले. त्यानंतर पुन्हा नाटक आलं ते कायमचं. आजूबाजूला गिरण्या. पाळी सुटलेला कामगार डोक्यातला कापूस झटकत तिकिटाच्या रांगेत उभा राहायचा आणि विनोदाला असा हसायचा की नटाला पुढचं वाक्य थांबवून धरावं लागे. दादरच्या प्रेक्षकाला हसवणं सोपं, गुणवंतच्या प्रेक्षकाला गप्प बसवणं कठीण, असं नट म्हणायचे. मग गिरण्यांचे भोंगे बंद झाले. रांगा आखडल्या. रविवारीसुद्धा मागच्या खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या आणि शेठचे दोन्ही मुलगे जेवताना त्या जागेवर दुकानांची इमारत उभी करायची गोष्ट काढू लागले.

अशा दिवसांत, पस्तीसेक वर्षांपूर्वी, श्रावणाच्या शेवटी रंगमंचावरचं छत कोसळलं. दुपारची वेळ, आत कोणी नव्हतं, म्हणून माणसं वाचली. पण तुळया खाली आल्या, कौलांचा खच पडला, आणि पुढचे आठ दिवस पाऊस थेट स्टेजवर पडत राहिला. फळ्या फुगल्या, कुजल्या. पालिकेचे इन्स्पेक्टर येऊन सील लावून गेले. दसऱ्याला आमच्या नव्या नाटकाचा शुभारंभ जाहीर झालेला होता. मी कंत्राटदारांना बोलावलं. सगळ्यात घाई करणाऱ्यानेही दोन महिने मागितले. शेठनी मला घरी बोलावून घेतलं. म्हणाले, "नाना, मी थकलो. दसऱ्याला पडदा उघडला तर थिएटर राहील. नाही उघडला, तर मी मुलांना हो म्हणणार आहे." बाहेर आलो तर सोपान जिन्यात उभा. त्याला बहुतेक सगळं ऐकू गेलं होतं.

"कंत्राटदार कशाला लागतोय?" तो म्हणाला. "मी माझी मानसं आनतो. आमी आमची घरं आमीच शाकारतो की."

"कोण माणसं?"

"मालेची. भात निसवायला लागलंय, आता कापणीपातुर हातात काम न्हाई. सावड करू."

सावड म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी आपला मजुरीचं विचारलं. तो दुखावल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. मजुरी नसते, म्हणाला. ज्याचं काम त्यानं जेवायला घालायचं, एवढंच. आणि आज आम्ही तुमच्या कामाला आलो, की आमच्या कामाला तुम्ही यायचं. कोण तुम्ही? "तुमी समदी. थेटरवाली. कापणीला." मी हसलो. विंगेतले नट आणि बुकिंगचा क्लार्क हातात विळा घेऊन भाताच्या खाचरात उभे आहेत असं चित्र डोळ्यांपुढे आलं. पण मी 'हो' म्हणालो. अगदी हातावर हात ठेवून म्हणालो. मॅनेजर माणूस दिवसाला वीस जणांना 'हो' म्हणतो. माझ्या लेखी ते एकविसावं होतं.

पितृपक्ष लागला त्या दिवशी ते आले. तीस घरांतली तीस माणसं, प्रत्येकाच्या खांद्यावर घोंगडी, बरोबर कुऱ्हाडी, वाकस, दोर. शेठनी कुरकुर केली की पितृपक्षात आमच्याकडे नाटकाची तालीमसुद्धा लावत नाहीत. सोपान म्हणाला, "शेठ, नवं काय करत न्हाई. जुन्याला हात लावायला पक्ष आडवा येत न्हाई." आणि काम सुरू झालं. मी आयुष्यभर नाटकवाल्यांत वावरलो, शेकडो सेट उभे राहताना पाहिले, पण तसं काम पुन्हा पाहिलं नाही. कुणी कुणाला हुकूम देत नव्हतं. वर तुळईवर चढलेला माणूस गाण्याची एक ओळ उचलायचा, खालचे सगळे ती झेलायचे, आणि त्या ठेक्यावर कौलं हातोहात वर जायची. त्यांच्या कापणीतली भलरी होती ती. सोपान सगळ्यांत मध्ये. थिएटरमध्ये जो दिवसभर दोन वाक्यं बोलायचा नाही, तो तिथे गात होता.

जेवण आमच्याकडे होतं. कॅन्टीनवाला पहिल्याच दिवशी तीस जणांचा भात बघून पळाला. तेव्हा नव्या नाटकाच्या नायिका शालिनीताई पदर खोचून उभ्या राहिल्या. त्या काळात त्यांचा फोटो दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठावर यायचा. लॉबीत पंगत बसली, बाई वाढत होत्या, आणि रामभाऊ नावाचा सोपानचा चुलतभाऊ मान खाली घालून जेवत होता. शालिनीताई म्हणाल्या, "अहो, वर बघा तरी, भाकरी वाढू का?" तो तसाच खाली बघत म्हणाला, "वाढा. वर बगितलं तर खायाचं इसरंल." सगळी लॉबी हसली. कितीतरी महिन्यांनी गुणवंतमध्ये हसणं ऐकू आलं होतं.

नऊ दिवसांत छत उभं राहिलं, स्टेजच्या फळ्या बसल्या. दहाव्या दिवशी इन्स्पेक्टर आले. भले गृहस्थ होते, पण सावध. वर बघितलं, खाली बघितलं, आणि म्हणाले, "छत दिसतंय. फळ्यांवर वजन पेलेल हे कशावरून?" मी काही बोलायच्या आत सोपानने विंगेकडे हात केला. तिकडून ढोल निघाला. मुळशीचा माणूस घराबाहेर पडताना ढोल मागे ठेवत नाही हे मला त्या दिवशी कळलं. तीसच्या तीस जण लेझीम घेऊन स्टेजवर उतरले आणि असे नाचले की सज्ज्यातली धूळ खाली आली. इन्स्पेक्टर पहिल्या रांगेत बसले. पाच मिनिटांनी मी म्हणालो, साहेब, पुरे ना? ते म्हणाले, "थांबा हो, बघू द्या." फळी एकही हलली नाही. फक्त कागदावर कामाची जबाबदारी घेणारा कंत्राटदार हवा होता. मी एका ओळखीच्या कंत्राटदाराची सही आणली. त्याने थिएटरात पाऊलही टाकलं नव्हतं. तेव्हा ती निव्वळ सोय होती... खोटं इतक्या साध्या वाटेनं येतं.

दसऱ्याला पडदा उघडला. नाटक असं चाललं की गिरणगावात पुन्हा रांगा दिसल्या. हाऊसफुल्लचा बोर्ड तीन वर्षं खाली उतरला नाही असं म्हटलं तर फार मोठी अतिशयोक्ती होणार नाही. शेठनी विकण्याचं नाव पुन्हा काढलं नाही. पहिल्या प्रयोगाला मालेच्या माणसांसाठी मी खुर्च्या ठेवल्या नव्हत्या. सगळं बुकिंग भरलं होतं, आणि एवढ्या गडबडीत ते माझ्या ध्यानातही आलं नाही. ते तपासणी झाली त्याच दिवशी गावी परतले होते, गुरं होती मागे.

आणि मग कापणी आली. दिवाळीनंतरचा रविवार. सोपान शुक्रवारी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "नाना, रविवारी धरलीय. मानसं वाट बगत्यात." मी खरंच विसरलो होतो. आठवल्यावर मला त्याची कीव आली. रविवारी तीन प्रयोग, तिन्ही हाऊसफुल्ल, आणि हा मला शेतावर बोलावतोय! पण मी काही कृतघ्न माणूस नव्हतो. मी ड्रॉवर उघडला आणि तीस पास काढून त्याच्या हातावर ठेवले. पुढच्या रांगांचे. नाटकवाल्याला यापेक्षा मोठं देणं सुचत नाही. आम्ही डॉक्टरला पास देतो, पोलिसाला पास देतो, मुलीच्या सासऱ्याला पास देतो, आणि समजतो की फिटलं. पास त्या रविवारचे होते. सोपानने ते मोजले नाहीत. खिशात घातले, दोन दिवसांची रजा मागितली, आणि गेला.

पुढच्या सालापासून सोपान दर कापणीला पंधरा दिवस रजा घेऊ लागला. बिनपगारी. ऐन दिवाळीच्या मोसमात, जेव्हा स्टेजवर एकेक हात लागतो तेव्हा. मी चिडायचो. "सोपान, सगळं गाव शेती करतं, तुझ्या एकट्याच्याच वावरात एवढं काय पिकतं रे?" तो म्हणायचा, "हाय वाईच." एवढंच. स्टेजप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा ती त्याचीच होती, सगळे तसंच म्हणत होते. मी दुसऱ्याला दिली. शेठना सांगितलं की हा माणूस मोसमात पळतो, भरवशाचा नाही. सोपानने नव्या प्रमुखाला पहिल्या दिवशी कुठली दोरी कुठे जाते ते समजावून दिलं आणि निवृत्त होईपर्यंत त्याच्या हाताखाली काम केलं.

थिएटरचा अमृतमहोत्सव आला तेव्हा स्मरणिका काढायची ठरली आणि इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. छताच्या प्रकरणापाशी मी दोन दिवस अडलो होतो, हेही सांगितलं पाहिजे. कागदावर कंत्राटदाराची सही होती. ती खोटी म्हणून कशी लिहायची? मग मी लिहिलं की एका अनुभवी कंत्राटदाराच्या साहाय्याने आणि व्यवस्थापनाच्या दूरदृष्टीने अवघ्या नऊ दिवसांत थिएटर पुन्हा उभं राहिलं. व्यवस्थापन म्हणजे मी. त्या दूरदृष्टीबद्दल भर समारंभात मला शाल मिळाली. पडदा सोपानने ओढला. नंतर स्मरणिकेची एक प्रत त्याच्या हातात दिसली. मी उगाच विचारलं, कशी वाटली? तो पानं उलटत म्हणाला, "छपाई झ्याक झालीया, नाना." मी नजर चुकवली. मला वाटलं, त्याला टोमणा मारायचाय. आज वाटतं, तो माझी सोय बघत होता.

तर हे सगळं मनात घेऊन मी मालेला पोहोचलो. त्याचं घर विचारत गेलो. शेजारच्या जमिनींवर रिसॉर्टच्या भिंती आल्यात, मधल्या पट्टीत सोपानचं खाचर तेवढं पिवळं पडत चाललेलं. पडवीत बायका बसल्या होत्या. त्याची बायको हौसाबाई मला ओळखत नव्हती, मंदाने सांगितलं, थेटरचे नाना. मी बसलो, आणि जे सोपानला सांगायचं होतं ते तिला सांगितलं. स्मरणिका, कंत्राटदार, शाल, प्रमुखाची जागा. सगळं. तिने ऐकून घेतलं. माणूस जाऊन एकच दिवस झालेला, आणि हा म्हातारा पुस्तकाच्या पानाचं काय घेऊन बसलाय, असं तिला वाटलं असेल. मग म्हणाली, "पुस्तकाचं मला ठाव न्हाई. पर रजा कशापायी काढायचं ते तुमाला ठाव हाय ना?"

मी म्हणालो, शेतीसाठी.

"आमच्या शेतीसाटी? आमचं वावर केवडं! आवं, थेटरची सावड फेडत व्हतं ते."

मला कळेना. तेव्हा तिने जे सांगितलं ते मी समजलो तसं लिहितो. त्या रविवारी गावाने आमच्यासाठी जेवण रांधलं होतं. थिएटरवाले येणार म्हणून शाळेच्या आवारात मंडप घातला होता. सोपान एकटा आला. पास त्याने कुणाला दाखवलेसुद्धा नाहीत. म्हणाला, थेटरची सावड माझ्याकडं लागली, मी फेडीन. तीस घरांनी नऊ-नऊ दिवस दिले होते. दर साल पंधरा दिवस, एकेका घरच्या वावरात उभं राहून, त्याने ते एकट्याने फेडले. अठरा वर्षं. कुणी म्हणायचं, जाऊ दे रं सोपाना, आता किती! तर म्हणायचा, शेठनी थेटर विकलं न्हाई, मग सावड कशी सोडायची?

"आन् आमचं भात दर साली शेवटाला," हौसाबाई म्हणाली. "लोकांचं कापून येईस्तवर आमचा निम्मा दाणा गळून जायचा. मी लई भांडलेय. त्यांचं आपलं, थेटरच्या नावानं कापतोय, मधी आपलं कसं घालायचं?"

"पण मला का नाही सांगितलं त्याने?" मी विचारलं.

"सांगून काय झालं असतं? तुमी पैसं पाटवलं असतं. सावड पैशानं फिटत न्हाई. मोडती."

मी ज्याला मोसमात पळणारा म्हटलं तो माणूस प्रत्येक मोसमात गुणवंत थिएटरचं नाव घेऊन उन्हात वाकत होता. माझं 'हो' त्याने निभावलं, आणि त्याचीच शिक्षा मी त्याला दिली. उठताना खाचराकडे बघितलं आणि विचारलं, यंदा हे कोण कापणार? मंदाचं सासर मुठ्याला, तिच्या घरची कापणी याच दिवसांत. गावात आता सावड करणारी घरं राहिली नाहीत, कुणी जमीन विकली, कुणी खोल्या भाड्याने दिल्या. मजूर बिल्डरकडे. हौसाबाई म्हणाली, "बगू. दोन-तीन आठवड्यांत न्हाई कापलं तर गळंल. गळू दे. सवय हाय."

परतीच्या एसटीतूनच मी हेतलला फोन लावला. हेतल ही शेठची नात, आता थिएटर तीच चालवते. मी माझा गुन्हा तिला फोनवर, शेजारच्या प्रवाशांसकट, ऐकवला. स्मरणिकेचं पान बदलायला हवं म्हणालो. मग म्हणाली, "नाना, पान नंतर बघू. कापणी कधी आहे?"

"रविवारीच येता येईल सगळ्यांना... पण रविवारी तीन प्रयोग असतील."

"तीन वेळा पैसे परत देऊ. तुम्ही तारीख सांगा."

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी गुणवंत थिएटरच्या दारात बोर्ड लागला होता: 'आज प्रयोग नाही. आम्ही मालेला भातकापणीला गेलो आहोत.' तिकिटं परत करायला आलेल्या प्रेक्षकांपैकी एक कुटुंब, म्हणे, चौकशी करून आपल्या गाडीने मागोमाग निघालं. नाटकाची बस मालेत शिरली तेव्हा मी आधीच बांधावर उभा होतो. बसमधून स्टेजवरची पोरं उतरली, लाइटवाला, मेकअपमन, बुकिंगवाल्या दोघी, कॅन्टीनवाला, आणि सध्या जे नाटक जोरात आहे त्याचा नायक, पांढरेशुभ्र बूट घालून. सगळ्यांत शेवटी, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या शालिनीताई. पंच्याहत्तरी उलटलीय त्यांची. रामभाऊ रस्त्याच्या कडेला काठी टेकून उभा होता, आता तोही वाकलाय. शालिनीताई त्याच्यासमोर थांबल्या. "ओळखलं का?" रामभाऊने या वेळी मान वर केली, नीट बघितलं आणि म्हणाला, "आता बगाय हरकत न्हाई."

बाई एवढ्या हसल्या की त्यांना बांधावर बसवावं लागलं.

कापणी कशी झाली ते विचारू नका. नायकाने विळा असा धरला होता की रामभाऊ म्हणाला, "आरं, तलवार न्हाई ती, कुनाला मारतोस?" मेकअपमनने पहिल्या पाच मिनिटांत बोट कापलं. स्टेजच्या पोरांचा मात्र हात बसला, त्यांना ओझ्याची आणि ओळीत हलायची सवय. दहा वाजेपर्यंत गाव बघायला जमलं होतं. अकरापर्यंत बघणारे हसून दमले, आणि मग एकेक जण धोतर, पँट, साडी खोचून खाचरात उतरला. ज्या घरांनी जमिनी विकल्या त्यांचीसुद्धा माणसं उतरली. रामभाऊने बांधावरून भलरीची ओळ उचलली. सोपान असता तर ती झेलली असती... क्षणभर कुणीच झेलली नाही. मग मंदाने झेलली, मुठ्याहून सासूला सांगून आली होती ती. आणि मग सगळं खाचर गाऊ लागलं. नाटकवाल्यांना शब्द येत नव्हते, पण ठेका त्यांना कुणी शिकवावा लागत नाही. रिसॉर्टच्या भिंतीवरून पुण्याचे पाहुणे मोबाइल धरून उभे होते. ऊन कलायच्या आत खाचर मोकळं झालं, पेंढ्या खळ्यावर गेल्या, आणि हौसाबाई सुपात ओंजळभर दाणे घेऊन म्हणाली, "यंदा एक दाना गळाला न्हाई. इतक्या सालात पैल्यांदा."

जेवण तिने रांधलं होतं. ज्याचं काम त्याचं जेवण. पंगत उठल्यावर हेतल तिच्या पाया पडली आणि म्हणाली, "काकी, आमच्याकडून फार उशीर झाला. पण आता फिटलं ना?"

"फिटलं?" हौसाबाई म्हणाली. "त्यांनी कवाच फेडलंय थेटरचं. आज तुमी नव्यानं केलंत. आता आमच्याकडं लागली. काय काम काढताय थेटरात ते सांगा."

हेतल माझ्याकडे बघू लागली. मी म्हणालो, सांग, यांच्यात नाही म्हणत नाहीत. ती चाचरत म्हणाली की मेकअपरूमच्या मागची भिंत ओल धरते आहे. लगेच बायकांत बोलणी सुरू झाली, कोण जाणार, चुना कुणाचा चांगला, माघात निघायचं की फाल्गुनात. गेल्या कितीतरी वर्षांत मालेत सावडीचं बोलणं झालं नव्हतं, असं रामभाऊ म्हणाला.

स्मरणिकेचं पान मी पुन्हा लिहून दिलं आहे. तेच इथेही लिहितो, म्हणजे वर्तमानपत्रातही राहील. 'छत कोसळल्यावर गुणवंत थिएटर मुळशी तालुक्यातल्या माले गावच्या तीस घरांनी नऊ दिवसांत उभं केलं. त्यांना सोपान कोंढरे यांनी आणलं. थिएटरने दिलेला शब्द थिएटरने पाळला नाही. तो सोपान कोंढरे यांनी अठरा वर्षं पाळला.' लॉबीत हे संगमरवरावर कोरून लागलं आहे, शेठच्या वडिलांच्या तसबिरीखाली. स्टेजची पोरं येता-जाता त्याला हात लावून जातात, असं हेतल सांगते.

माझ्यापुरतं मात्र अजून मिटलेलं नाही. कापणीच्या दिवशी मी निघालो तेव्हा हौसाबाईने मला अडवलं. "नाना, समद्यांनी कापलं. तुमी बांधावर बसून व्हता." मी म्हणालो, माझं वय ब्याऐंशी. "मग बसून करायचं काम करा." तेव्हापासून दर बुधवारी मी मालेची एसटी धरतो. सोपानच्या पडवीत, तो बसायचा त्या खांबाला टेकून, पुढच्या पेरणीचं बियाणं निवडतो. भरलेल्या लोंब्या एका बाजूला, पोचट एका बाजूला. परवा माझे डोळे दुखायला लागले, मी मधेच थांबलो, आणि म्हणालो, "वहिनी, हे बी रुजेल, वाढेल, पण ते कापायला मी असेन की नाही कोण जाणे."

तिने सूप माझ्याकडे आणखी सरकवलं.

"आसं कसं? तुमची लागून ऱ्हायलीय. फेडल्याबिगर जायचं न्हाई, आमच्यात तसं चालत न्हाई."